काळं दिसतं ते पाणी

कोल्हापुरातल्या पोरांना पाढे येवोत न येवोत, दोन आकडे मात्र पाठ असतात: ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर गेलं की धोका. शिवाजी पुलाच्या खांबांवर पाणी ठरावीक उंचीला टेकलं की ‘मच्छिंद्री झाली’ म्हणतात आणि निम्मं शहर ती बघायला पुलाकडं धावतं. २०२१च्या जुलैत मात्र मच्छिंद्री कधी झाली नि कधी बुडाली, ते कळलंसुद्धा नाही. पाणी ५६ फुटांच्या वर गेलं होतं.

माझ्या भावाचं गाव नदीकाठी. म्हशींना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून भाऊ, वहिनी आणि माझी भाची शहराच्या उंच भागात पाहुण्यांकडं येऊन राहिली होती. भाची तेव्हा चौथीत. रात्री तिचा फोन आला.

“आत्या, गावात लाइट न्हाई, रस्ता बंद हाय, वर नुसते ढग. मग पाणी कुठवर आलंय ते सरकारला कसं कळणार? मी हितनं गच्चीवरनं बघतो, तर काय बी दिसत न्हाई.”

(कोल्हापूरच्या मुली ‘मी बघतो’ असंच म्हणतात. दुरुस्त करायला जाऊ नका, फोन ठेवतील.)

मी ऐटीत म्हटलं, “अगं, उपग्रहातून दिसतं.”

“ढगातनं?”

झाली का पंचाईत! ढग नसते तर पूर आलाच नसता. म्हणजे साधा कॅमेरा घेऊन फिरणारा उपग्रह नेमका ज्या दिवशी हवा, त्याच दिवशी आंधळा. आणि रात्री तर तो तसाही काही बघू शकत नाही. “उद्या सांगते” म्हणून मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिला जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. पण त्याआधी एक खेळ करा.

रात्री खोलीतले दिवे घालवा. जमिनीवर एक जाड टॉवेल पसरा आणि शेजारी एक आरसा, तोंड वर करून, आडवा ठेवा. दोन-तीन पावलं मागं या. टॉर्च डोळ्याच्या अगदी जवळ धरा आणि उजेड तिरका टाका. टॉवेल छान उजळलेला दिसेल. आणि आरसा? काळाकुट्ट! खोलीतली सगळ्यात चकचकीत वस्तू सगळ्यात काळी. आता समोरच्या भिंतीकडं बघा. तिथं उजेडाचा एक गोल पडलेला असेल. आरशानं तुमचा उजेड गिळला नव्हता, पलीकडं भिरकावून दिला होता. तुमच्याकडं काही परतच आलं नाही, म्हणून तुमच्यापुरता तो काळा. टॉवेलचं मात्र सगळं खडबडीत. त्याचे धागे उजेड दाही दिशांना उधळतात, त्यातला थोडा परत तुमच्या डोळ्यांत येतो.

झालं. पुराचा नकाशा अस्साच काढतात.

टॉर्चच्या जागी असतं रडार. उदाहरणार्थ, युरोपचा सेंटिनेल-१ए हा उपग्रह २०१४मध्ये सोडला. तो सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि स्वतःचा उजेड स्वतःच घेऊन जातो, त्यामुळं सूर्य मावळला तरी त्याचं काही अडत नाही. हा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कारण त्या रेडिओलहरी असतात. तो त्या खाली तिरक्या सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकत बसतो. खडबडीत शेतं, झाडं, घरं थोड्याफार लहरी परत पाठवतात, म्हणून ती चित्रात राखाडी किंवा पांढरी दिसतात. शांत पाणी आरशासारखं वागतं. लहरी पलीकडं भिरकावतं. म्हणून चित्रात जे काळं दिसतं, ते पाणी.

मग ढगांचं काय? सेंटिनेलची एक लहर साधारण ५.६ सेंटिमीटर लांब असते, म्हणजे काड्यापेटीच्या लांबीपेक्षा जराशी जास्त. ढगातला पाण्याचा थेंब असतो मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा. लहरीच्या तुलनेत सुमारे तीन हजारपट लहान! कोल्हापूरच्या रंकाळा तलावात एखादी बारीक काडी उभी खोचलेली असली, तर मोठी लाट तिच्यासाठी थांबते का? लाटेला काडी आहे हेसुद्धा कळत नाही. तसंच हे. आपल्याला दिसणाऱ्या उजेडाच्या लहरी मात्र थेंबापेक्षाही कितीतरी बारीक असतात. त्या प्रत्येक थेंबाला अडखळतात, इकडंतिकडं विखुरतात आणि आपल्याला दिसतो पांढरा, आरपार न दिसणारा ढग.

“म्हंजे काळं दिसतंय तिथं पाणी. सोप्पं हाय की,” भाची म्हणाली.

इतकं सोपं असतं तर शास्त्रज्ञांना पगार कशाला दिला असता? रंकाळाही काळाच दिसतो, पण तो उन्हाळ्यातही काळा असतो. त्याला पूर म्हणून कसं चालेल? विमानतळाची धावपट्टी गुळगुळीत असते, तीही काळी. उंच डोंगराच्या पलीकडच्या उतारावर रडारचा उजेड पोचत नाही, तिथं सावली पडते. तीही काळी. म्हणून संगणकाला ‘फरक ओळखा’ खेळायला लावतात. पुराच्या आधीचं चित्र शेजारी ठेवायचं आणि आधी काळं नसलेलं, पण आता काळं झालेलं तेवढंच शोधायचं.

वारा सुटला तर आणखी घोटाळा. पाण्यावर लाटा उठतात, आरशाचा होतो टॉवेल आणि पाणी चक्क उजळ दिसायला लागतं.

सगळ्यात मोठी गंमत गावातल्या गल्ल्यांची. एक रबरी चेंडू भिंतीच्या पायथ्याजवळ जमिनीवर तिरका आपटा. तो जमिनीवरून भिंतीवर जातो आणि भिंतीवरून थेट तुमच्याकडं परत येतो. गल्लीत पाणी भरलं की लहरींचंही असंच होतं. पाण्यावर आपटून भिंतीवर, भिंतीवरून परत उपग्रहाकडं. म्हणजे पूर आलेली गल्ली काळी दिसायच्या ऐवजी आधीपेक्षा जास्त लखलखीत दिसू शकते! शेतात काळं झालेलं शोधायचं आणि वस्तीत उजळलेलं. माझ्या मते रडारच्या चित्रांमधला हा सगळ्यात छान चकवा आहे.

आणि आपल्याकडं आणखी एक चकवा उभा असतो, दोन पुरुष उंचीचा. ऊस! खाली कमरेएवढं पाणी, वर हिरवीगार दाट पानं. काड्यापेटीएवढी लहर पानांतच गुरफटते, खालच्या पाण्यापर्यंत पोचतच नाही. उपग्रहाला वाटतं, ऊस मजेत आहे. शेतकऱ्याला माहीत असतं की कांड्या कुजायला लागल्यात.

यावर उपाय म्हणजे लहर लांब करायची. लांब लहर पानांची फारशी पर्वा न करता आत घुसते. ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ नावाचा उपग्रह उडाला. भारताची इस्रो आणि अमेरिकेची नासा या दोघांनी मिळून तो केला आहे. वजन सुमारे २४०० किलो, आणि डोक्यावर उलगडणारी जाळीदार छत्री १२ मीटर रुंद. त्यात दोन रडार आहेत. इस्रोचं आखूड लहरीचं आणि नासाचं सुमारे २४ सेंटिमीटर लांब लहरीचं. चांगली ऐसपैस वीतभर लहर! भाची तोवर आठवीत गेली होती. उड्डाण बघून तिनं मला एवढाच निरोप पाठवला: ‘आता उसातलं बी दिसणार.’

पण पुराकडं परत जाऊ. ही सगळी चित्रं उतरतात कुठं? आपल्या देशाचे उपग्रह जे बघतात, ते हैदराबादजवळच्या शादनगरला मोठमोठ्या तबकड्या झेलतात. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र त्यातून पुराचे नकाशे काढतं आणि ते राज्यांकडं जातात. अडचण एकच. उपग्रह काही आपल्या गावावर घिरट्या घालत थांबत नाही. सेंटिनेल किंवा निसारसारख्या उपग्रहाला तीच जागा त्याच कोनातून पुन्हा बघायला १२ दिवस लागतात. पूर १२ दिवस वाट बघेल होय? म्हणून २०००मध्ये काही अंतराळ संस्थांनी एक करार केला. मोठं संकट आलं की ज्याचा उपग्रह त्या जागेवरून लवकर जाणार असेल, त्यानं चित्रं काढायची आणि फुकट द्यायची. पुढच्याच वर्षी इस्रोही त्यात सामील झाली. शेजारच्या घरी गॅस संपला की आपण आपला सिलिंडर देतो ना, तसं. फक्त हा सिलिंडर पृथ्वीभोवती फिरतोय.

तरीही खरं सांगते, पाणी दारात असताना हा नकाशा फारसा उपयोगी पडत नाही. तो तयार होऊन हातात पडेपर्यंत पाणी आणखी दोन पायऱ्या चढलेलं असतं. त्या घाईच्या वेळी कामाला येतात पुलांवर आणि बंधाऱ्यांवर बसवलेली छोटी यंत्रं. त्यातली काही म्हणजे पुलावरून खाली तोंड करून लटकवलेली चिमुकली रडारच असतात. लहर सोडायची, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, की पाणी किती खाली आहे ते कळलं. कृष्णा आणि भीमेच्या खोऱ्यांत पावसाचे आणि पाणीपातळीचे आकडे आपोआप पाठवणारी अशी केंद्रं आहेत. आणि राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांना तर संगणकही लागत नाही. पाणी ठरलेल्या पातळीवर गेलं की पाण्याच्याच जोरानं दार आपोआप उघडतं. मोटर नाही, वीज नाही. एका दारातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर. दर सेकंदाला चार मोठे टँकर!

नकाशाची खरी वेळ येते पाणी ओसरताना. आता प्रश्न बदलतात. कुठल्या गावाचा रस्ता आधी मोकळा होईल? कुठं अजून पाणी तुंबलंय? गाळ कुणाच्या शेतात बसलाय? कुणी अडकलंय का?

या शेवटच्या प्रश्नासाठी ड्रोन उडवतात. काही ड्रोनवर उष्णता बघणारा कॅमेरा असतो. अंधारात पत्र्यावर बसलेलं कुत्रं, गोठ्यात राहिलेली म्हैस, गच्चीवर थांबलेले आजोबा, सगळे गार पाण्याच्या पार्श्वभूमीवर दिव्यासारखे उजळून दिसतात, कारण आपली शरीरं गरम असतात. पण सांगलीच्या कृष्णेत मगरीही आहेत, आणि पुरात त्या कुठंही येऊन पहुडतात. मगर थंड रक्ताची. तिचं अंग जवळपास पाण्याएवढंच गार, त्यामुळं या कॅमेऱ्याला ती सहजासहजी दिसत नाही. जिची सगळ्यांना भीती, तीच चित्रातून गायब. म्हणून ओसरत्या पाण्यात उतरताना काठीनं चाचपडत जायची जुनी रीत अजून सुटलेली नाही.

मग येतो पंचनामा. भाऊ, वहिनी, भाची गावी परतली, तसे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघं जण गमबूट घालून आले. सेंटिनेलच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण १० मीटर लांब-रुंद चौकोन. त्यात पाणी होतं की नव्हतं, एवढं कळतं. पण भिंत पडली की नुसती भिजली, पोत्यातलं धान्य फुगलं का, ते ७०० किलोमीटरवरून दिसत नाही. त्यासाठी माणसानंच दारात यावं लागतं.

त्यांनी मोबाइलवर फोटो काढले आणि फोटोवर आकडे उमटले. अक्षांश १६ पूर्णांक सात अमुक, रेखांश ७४ पूर्णांक दोन तमुक. दशांश चिन्हाच्या पुढं भलीमोठी शेपटी. भाची म्हणाली, “एवढे आकडे कशाला? पयला एक बास की.”

बरं, एकच ठेवू. अक्षांशात दशांश चिन्हापुढं एकच आकडा ठेवला, तर तो ११ किलोमीटर इकडंतिकडं. म्हणजे भरपाई तुझ्या घराची आणि पत्ता तिसऱ्याच गावाचा! दुसरा आकडा घेतला की १.१ किलोमीटर, गाव सापडलं. तिसरा घेतला की ११० मीटर, गल्ली सापडली. चौथा घेतला की ११ मीटर, घर सापडलं. पाचवा घेतला की दीडेक पावलाचा फरक. आता तू चुलीजवळ उभी आहेस की उंबऱ्यात, तेही कळेल. (पाचव्या आकड्यावर मोबाइल बऱ्याचदा थापा मारतो, ते वेगळं.) आणि हे कळायला मोबाइलला रेंज लागत नाही बरं का! निदान चार उपग्रहांकडून येणारी वेळ ऐकली की तो आपली जागा स्वतःच काढतो. टॉवर बंद असला तरी आपण कुठं आहोत हे त्याला माहीत असतं, फक्त ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. पुरात अडकलेल्या माणसासारखंच.

आता शेवटचं यंत्र. ते उडत नाही, त्याला बॅटरी लागत नाही आणि ते हाताच्या मुठीत मावतं. पण मला विचाराल तर ओसरलेल्या गावात पहिला मान त्याचा.

पूर आला की सगळीकडं पाणीच पाणी, पण प्यायला थेंब नाही. २०१९च्या पुरात कोल्हापूर शहराला पाणी उपसून देणारी केंद्रंच पाण्याखाली गेली आणि नळ कोरडे पडले. गावांत विहिरीत पुराचं पाणी घुसतं, त्याबरोबर उकिरडा, गोठा, संडास, सगळ्यांतलं काही ना काही येतं. पाणी निवळलं की ते दिसायला छान स्वच्छ दिसतं. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत ना! मग ते बघायचे कसे?

गावात आशाताई एक छोटी काचेची बाटली घेऊन आल्या. तिच्यात आधीच एक पावडर लावलेली कागदाची पट्टी होती. त्यांनी विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरलं, झाकण लावलं आणि बाटली शाळेच्या कपाटावर ठेवून दिली. “उद्या बघू,” म्हणाल्या. मैल्यातून आलेले काही जंतू पाण्यात असले, तर ते बाटलीतलं खाणं खाऊन एक वायू सोडतात. हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास येतो तोच. हा वायू बाटलीतल्या लोहाला भेटला की दोघं मिळून काळाभोर पदार्थ तयार करतात.

दुसऱ्या दिवशी बाटलीत कुणी शाई ओतल्यासारखं झालं होतं.

भाचीचा लगेच फोन. “आत्या, तू म्हणालीस काळं दिसतं ते पाणी. हितं तर काळं दिसतं ते पाणी प्यायचं न्हाई! तुम्ही मोठी माणसं एकदा काय ते ठरवा की.”

मग विहिरीत टीसीएल पावडर पडली. गावात ब्लीचिंग पावडरला हेच नाव. आधी गढूळपणा खाली बसू द्यावा लागतो, नाहीतर क्लोरीन जंतूंना मारायचं सोडून चिखलाशीच झटापट करत बसतं. नंतर जलसुरक्षक काकांनी ओटी टेस्ट केली. पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे दोन-चार थेंब टाकले की क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं. फिकट हळदीसारखं. (हे रसायन विषारी असतं. त्याला हात फक्त काकांनी लावायचा, आपण लांबून रंग बघायचा.) पिवळं झालं म्हणजे पाण्यात अजून पहारेकरी जागा आहे.

नंतर आणखी एक बाटली भरून त्याच कपाटावर ठेवली. कोरोनामुळं शाळा बंदच होती, तरी सकाळी चार-पाच पोरं खिडकीच्या गजांना नाक लावून उभी होती. भाचीनं घरी पळत येऊन फोन लावला.

“आत्या, काळी न्हाई झाली!”

मागून वहिनीचा आवाज आला, “काळी होऊ दे न्हाईतर पांढरी, पाणी मी उकळूनच देणार.”

आणि तिनं चुलीवर पातेलं चढवलं.